कापडावरचा खडू

फोन करायचा तर माणसाने बसून करावा, नाहीतर करूच नये, असं मालकीणबाईंचं मत होतं, आणि एकदा मत झालं की ते बरोबर आहे का हे त्या कुणाला विचारायला जात नसत. त्यांचा मुलगा फोन करायचा तो चालता चालता. मागे कधी दारं आपटत असायची, कधी लिफ्टची घंटा वाजायची, कधी कुणीतरी त्याला हाका मारत असायचं. "आई, बरी आहेस ना? जेवलीस? गोळ्या घेतेस ना वेळेवर?" हे सगळं एका दमात. उत्तर ऐकायला तो थांबायचा खरा, पण गाडी सुटायच्या बेतात असताना माणूस फलाटावर थांबतो तसा, एक पाय डब्यात. बाईंना हे आवाजावरून कळायचं. मग त्याच म्हणायच्या, "हो, जेवले. ठेव आता, मला कामं आहेत." काम कसलं, तर समोरच्या भिंतीकडे बघायचं. पण पोटच्या पोराने फोन ठेवायच्या आत आपण ठेवावा, एवढा मान त्यांनी राखला होता.

गंमत अशी, की हाच मुलगा टेबलापाशी उभा राहिला की त्याच्याइतका सावकाश माणूस शोधून सापडला नसता. स्नूकर खेळून तो पोट भरायचा, आणि त्या खेळातले लोक त्याला कासव म्हणायचे. एक फटका मारायला तो इतका वेळ घ्यायचा की समोरचा खेळाडू खुर्चीत बसल्या बसल्या पेंगायला लागायचा. आधी टेबलाला एक फेरी. मग वाकून बघणं, मग उठणं. काठीच्या टोकाला खडू घासायचा, खडू खिशात घालायचा, कापडावर खडूची पूड पडली असेल ती हाताच्या पाठीने हळूच झटकायची, आणि मग पुन्हा वाकायचं. टीव्हीवर बोलणारे लोक यावरून विनोद करत. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की त्या पांढऱ्या बॉलसाठी याच्याकडे वेळ आहे, आईसाठी नाही.

खडू खिशात घालायचा आणि कापड झटकायचं हे त्याला शिकवलं कुणी, हे मात्र त्या कुठे बोलत नसत.

बाईंच्या नवऱ्याचा स्नूकरचा हॉल होता. तळमजल्यावर, रस्त्याला लागून, सहा टेबलं. वरच्या दोन खोल्यांत संसार. नवरा गल्ल्यावर बसायचा, गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचा, कोण कधी खेळायला उभा राहिला ते पाटीवर लिहायचा. टेबलं बघायच्या त्या बाई. खेळणाऱ्याला वाटतं की टेबल म्हणजे सागवान आणि दगड. टेबल म्हणजे कापड. त्या कापडाला लव असते, जनावराच्या पाठीला असते तशी. ब्रश एकाच दिशेने फिरवायचा, दाराच्या टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे. उलटा फिरवला की लव उभी राहते आणि चांगल्या चांगल्याचा बॉल वाकडा जातो. ब्रश झाला की त्याच दिशेने इस्त्री, कोमट. आणि इस्त्री फिरवायच्या आधी खडूचा कण राहून गेला, तर तो कापडात कायमचा बसतो, निळा डाग होऊन.

म्हणून हॉलमध्ये एक नियम होता, आणि तो मालकांचा नव्हता, मालकीणबाईंचा होता. खडू टेबलाच्या काठावर ठेवायचा नाही, आणि आपण सांडलेली पूड आपण झटकायची. मोठमोठे बाप्ये हा नियम मुकाट पाळायचे. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने ऐटीत खडू काठावर ठेवला. बाईंनी तो उचलला आणि त्याच्या चहात टाकला. नवऱ्याने कपाळाला हात लावला. पण तो माणूस पुढे वर्षानुवर्षं यायचा, आणि आल्या आल्या खिसा दाखवायचा.

मुलगा या टेबलांच्या पायांमधून रांगला. उभा राहायला लागला तो टेबलाचा पाय धरून. काठी हातात आली तेव्हा बापाने त्याला नेम शिकवला आणि आईने कापड. नेम कधी लागायचा, कधी चुकायचा. कापड झटकायला तो कधी चुकला नाही.

पुढे नवरा गेला. मुलगा आधीच बाहेर पडला होता, या शहरातून त्या शहरात, या हॉटेलातून त्या हॉटेलात. हॉलमध्ये येणारे लोक पांगले. टेबलं एकेक करून विकली गेली. प्रत्येक टेबल उचलून नेताना खालच्या फरशीवर त्याच्या पायांचे गोल उरले, ते आजही आहेत. शेवटचं टेबल बाईंनी विकलं नाही. शटर खाली ओढलं, टेबलावर चादर घातली, आणि दर आठवड्याला एकदा खाली उतरून, दिवा लावून, त्या टेबलाला ब्रश आणि इस्त्री करायला लागल्या. त्या टेबलावर कुणी खेळत नव्हतं. खडूचा कणही पडत नव्हता. पण कापड नुसतं पडून राहिलं की मरतं, असं त्यांना वाटायचं, आणि ते खरंच असावं.

असंच चाललं असतं. पण मध्यंतरी एक फोन वेगळा आला. मागे दारं नव्हती, लिफ्ट नव्हती. मुलगा बसून बोलत होता. बाई आधी घाबरल्याच.

"काय झालं? आजारी आहेस का?"

"नाही गं. एक स्पर्धा आहे, टीव्हीवर दाखवणार आहेत. घड्याळ लावून खेळायची."

"घड्याळ लावून म्हणजे?"

"एकच डाव, दहा मिनिटांचा. आधी एका फटक्याला पंधरा सेकंद, अर्धा डाव झाला की दहाच. तेवढ्यात मारलं नाही तर समोरच्याला पाच गुण, आणि वर पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवायची मुभा. दहा मिनिटं संपली की ज्याचे गुण जास्त तो जिंकला."

"आणि यात तुला घेतलं?"

"सगळ्यांना घेतात, आई."

"तरीच. पंधरा सेकंदांत तुझा खडू तरी खिशात जातो का?"

तो हसला. बाईंनी फोन ठेवला नाही.

"आई, पहिली मॅच जिंकलो तर अजून दोन वर्षं खेळता येईल मला. हरलो तर खेळाडूंच्या यादीतून नावच जाणार. मग काही उरत नाही." तो घुटमळला. "हरलो तर घरी येतो. कायमचा. हॉल उघडू आपण."

"बघू," बाई म्हणाल्या.

आता 'बघू' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या घरात वेगळा असतो. मालकीणबाईंच्या घरात त्याचा अर्थ असा, की दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या खोलीतल्या गादीला ऊन दाखवलं गेलं. खोलीतली खोकी उचलून माळ्यावर गेली. हॉलमधली एक ट्यूब कधीची लुकलुकत होती, ती बदलली. हे सगळं त्यांनी एकटीने केलं, आणि करताना स्वतःशीसुद्धा त्याबद्दल बोलल्या नाहीत.

एक काम मात्र दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं. जिन्याखालच्या बोळकांडीत एक किल्लीवाला बसायचा. किल्ल्या करून द्यायचा, छत्र्या दुरुस्त करायचा, आणि या दोन्हींतून वेळ उरला की बोलायचा. वेळ पुष्कळ उरायचा. तो बाईंना मावशी म्हणायचा. "मी तुझी मावशी नाही, घरमालकीण आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बरं, मावशी," तो म्हणाला होता, आणि तो वाद तेव्हापासून तिथेच अडला होता.

बाईंनी हॉलची किल्ली त्याच्यासमोर ठेवली. "हिची आणखी एक करून दे."

"हॉलची? खाली तर तुम्ही एकट्याच येता. दुसरी कुणाला?"

"किल्ली करायला माणसाचं नाव लागतं का?"

"नाव नाही लागत. पण हात केवढा आहे ते कळलं तर बरं. पुरुषमाणसाचा हात असेल तर जाड करतो, नाहीतर शटरच्या कुलपात वाकते."

बाईंनी किल्ली त्याच्याकडे सरकवली. "जाड कर," त्या म्हणाल्या.

किल्लीवाल्याने मान खाली घातली आणि कानस चालवायला लागला. एकदाच तो गप्प बसला, आणि बाईंना तेही आवडलं नाही.

मॅच दुपारी होती. बाईंच्या टीव्हीवर ते चॅनल लागेना, म्हणून पुन्हा किल्लीवाल्यालाच वर बोलवावं लागलं. त्याने रिमोट हातात घेतला, चार बटणं दाबली, चॅनल लागलं, आणि तो खुशाल जमिनीवर मांडी घालून बसला.

"चहा ठेवा, मावशी. एकट्याने मॅच बघण्यात मजा नाही."

"मला मजा करायची नाही. खाली जा, गिऱ्हाईक येईल."

"छत्रीचं गिऱ्हाईक पाऊस आला की येतं. बाहेर ऊन आहे."

"मग ऊन बघत बस."

तो उठला. दारात जाऊन वळला. "मी खाली मोबाइलवर लावतो. काही लागलं तर जिन्यातून हाक मारा."

"मला काय लागायचंय," बाई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्याला घालवायचं कारण साधं होतं. मॅच बघताना आपल्या तोंडावर काय उमटेल, याचा बाईंना भरवसा नव्हता. आईने आपलं पोर हरावं म्हणून टीव्हीपुढे बसावं, हे काही चारचौघांत दाखवायचं तोंड नव्हे.

टीव्हीवर एक मोठं दालन होतं आणि त्यात नुसता कल्ला. बाईंच्या हॉलमध्ये फटक्याच्या वेळी कुणाला शिंक आली तर तो माफी मागायचा. इथे लोक आरोळ्या ठोकत होते, शिट्ट्या मारत होते, एकाने तर डोक्यावर घमेल्याएवढी टोपी घातली होती. टेबलाच्या वर घड्याळ लटकत होतं, आणि शेवटचे पाच सेकंद उरले की ते टीं टीं करायला लागायचं. समोरचा खेळाडू मुलाच्या निम्म्या वयाचा, पायात लालभडक बूट, हसतमुख. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मग त्यांचा मुलगा आला, आणि सगळ्यांनी मिळून हळूहळू टाळ्या वाजवायला सुरुवात केली, एक टाळी, मग बरंच थांबून दुसरी. कासवासाठी.

"हसा," बाई टीव्हीला म्हणाल्या.

मग त्यांनी मुलाकडे बघितलं. नीट बघितलं. किती वाळला होता. अंगावर कुणीतरी दिलेला भडक शर्ट होता आणि त्याची कॉलर मानेभोवती गरगर फिरत होती. डोक्यावरचे केस मागे गेले होते. अंगठ्याला पट्टी होती. फोनवर हा अंगठा कधी आला नव्हता. फोनवर सगळं नेहमी बरं असायचं. बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. कॅमेरा मुलाच्या तोंडाजवळ गेला तसा त्यांचा हात उगाचच पुढे आला आणि मांडीवर परत गेला. टीव्हीने त्या दुपारी त्यांना मुलाचं तोंड जेवढा वेळ दाखवलं, तेवढा वेळ तो गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्यासमोर बसला नव्हता.

खेळ सुरू झाला. लाल बुटांचा पोरगा धावतच खेळायचा. पण घाईत त्याने एक सोपा लाल बॉल चुकवला, आणि मुलगा टेबलाशी आला. एक लाल, मग काळा. एक लाल, मग निळा. घड्याळ टीं टीं करायला लागलं की हा मारायचा. शेवटचा सेकंद उरायचा, पण मारायचा. लोक गप्प व्हायला लागले. तो वीस गुणांनी पुढे गेला तेव्हा टीव्हीवरचा माणूस म्हणाला, कासवाला आज कुणीतरी चाकं लावली आहेत.

खाली किल्लीवाला ओरडला, "वा, पठ्ठ्या." त्याच्या मोबाइलवर सगळं जरा उशिराने दिसत होतं, त्यामुळे वर बॉल पॉकेटात जाऊन जुना व्हायचा तेव्हा खालून वाहवा यायची.

बाईंना ऊन दाखवलेल्या त्या गादीची आठवण येत होती.

आणि मग मुलाने तेच केलं. पुढचा लाल बॉल अगदी तोंडाशी होता, कुणीही मारला असता. तो वाकला, आणि पांढऱ्या बॉलच्या पुढे त्याला खडूची पूड दिसली. तो उठला. खडू काठावर राहिला होता, तो उचलून खिशात घातला. हाताच्या पाठीने कापड झटकलं, एकदा, दोनदा, लवेच्या दिशेने, काळ्या बॉलकडे. घड्याळ ओरडत होतं. तो पुन्हा वाकला तेव्हा लांब भोंगा वाजला आणि पंचाने हात वर केला.

सगळं दालन हसलं. टीव्हीवरचा माणूस म्हणाला, "हा खेळायला आलाय की साफसफाईला?" लाल बुटांच्या पोराला पाच गुण मिळाले, वर पांढरा बॉल हातात मिळाला. त्याने तो हवा तिथे ठेवला आणि एकामागून एक बॉल घालत सुटला.

त्या दालनात, त्या शहरात, आणि टीव्हीसमोर बसलेल्या सगळ्या लोकांत, तो का उठला हे एकाच बाईला ठाऊक होतं.

आता हा लाल बुटांचा पोरगा पुढे जाईल. दहा मिनिटं संपतील. मुलगा बॅग उचलेल, आणि उद्या संध्याकाळी याच खुर्चीत बसलेला असेल, अंगठ्याची पट्टी बदलून देता येईल. हे इतकं स्पष्ट दिसलं, की बाईंना स्वतःचीच शरम वाटली. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅस बंद आहे का ते बघून आल्या. गॅस बंदच होता.

परत आल्या तेव्हा पोरगा पुढे गेला होता आणि शेवटचं मिनिट चालू होतं. त्याला आता फक्त वेळ काढायचा होता, पण वेळ काढणं त्याच्या रक्तातच नव्हतं. गरज नसताना त्याने लांबचा फटका मारला, चुकला, आणि खांदे उडवून खुर्चीत जाऊन बसला.

मुलगा चार गुणांनी मागे होता. तो आला, आणि या वेळी फेरी न मारता वाकला. लाल बॉल गेला. लालचा एक गुण, म्हणजे आता तीनच मागे, आणि लालनंतर रंगीत बॉल मारायचा. काळ्याची वाट दुसऱ्या बॉलांनी अडवली होती. गुलाबी मोकळा होता, मधल्या पॉकेटकडे, तिरका. गुलाबीचे सहा. तो गेला तर हा पुढे जातो, आणि मग घड्याळच संपतं.

दहा सेकंद. तो वाकला.

पांढऱ्या बॉलच्या पुढ्यात, अगदी वाटेत नाही पण वाटेच्या कडेला, निळा ठिपका होता. कॅमेऱ्याने तो दाखवला नाही. कॅमेऱ्याला काय कळतंय. बाईंना तो मुलाच्या डोळ्यांत दिसला. त्याची नजर बॉलवरून ढळली आणि खाली गेली. काठीवरचा हात सुटला. आयुष्यभराची सवय ती, उठायलाच लागला तो. टीं, टीं.

"राहू दे ते," बाई म्हणाल्या. त्या उभ्या होत्या. कधी उभ्या राहिल्या, त्यांना कळलं नाही. "राहू दे, मेल्या, मी झटकते नंतर. मार. मार तू."

मुलाचा हात कापडापर्यंत गेला आणि परत आला. त्याने मारलं.

गुलाबी बॉल पॉकेटच्या ओठावर थोडा डगमगला, जसा विचार करतोय, आणि आत गेला.

दालनात जो आवाज झाला तो टीव्हीच्या डबड्यात मावेना. लोक उभे राहून उरलेले सेकंद मोजायला लागले. मुलाला आता मारायची गरज नव्हती. एका फटक्याला मिळणाऱ्या वेळेपेक्षा डावाचाच वेळ कमी उरला होता. तो काय करत होता? तो वाकला होता आणि हाताच्या पाठीने तो ठिपका झटकत होता. सावकाश, लवेच्या दिशेने. मग त्याने काठावरचा खडू उचलला, खिशात घातला, आणि भोंगा वाजला.

बाईंच्या घरात मात्र सगळं शांत होतं. खाली किल्लीवाल्याच्या मोबाइलवर अजून गुलाबी बॉल टेबलावरच होता. त्या अख्ख्या इमारतीत ही बातमी एकट्या मालकीणबाईंजवळ होती, आणि ती सांगायला समोर कुणी नव्हतं. मग खालून आरोळी आली, "मार, मार," आणि पाठोपाठ एक डबा पडल्याचा आवाज.

जिन्यात पावलं वाजली. बाईंनी दार उघडलं नाही.

"मावशी, जिंकला की."

"डोळे आहेत मला."

दाराबाहेर तो घुटमळला. "म्हणजे ती जाड किल्ली ज्याच्यासाठी केली, तो आता येत नाही."

"तुझं डबडं पडलंय ते उचल जा, पायात येईल कुणाच्या," बाई आतून म्हणाल्या. पावलं सावकाश खाली गेली.

आपल्याला काय हवं होतं, हे बाईंना ठाऊक होतं. ऐन वेळी तोंडाने मात्र विचारलं नाही, दुसरंच बोललं. त्यांनी मुलाच्या खोलीत जाऊन पलंगावरची नवी चादर काढली, घडी घातली, कपाटात ठेवली. जाड किल्ली टेबलाच्या खणात टाकली. मग खाली गेल्या, शटर अर्धं उचललं, दिवा लावला, आणि टेबलावरची चादर बाजूला केली. ब्रश करायचा दिवस नव्हता. तरी केला. इस्त्री गरम झाली, कोमट केली, फिरवली. कापड स्वच्छ होतं, नेहमीसारखं. त्यावर कुणाच्याही खडूचा एक कणसुद्धा नव्हता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना ते बघवेना.

वर आल्यावर जेवायची वेळ झाली, टळली. अन्न झाकलेलं तसंच राहिलं.

फोन वाजला. त्यांनी तो बराच वाजू दिला.

"आई, बरी आहेस ना? जेवलीस? बघितलंस?"

मागे दार आपटलं. तो चालत होता.

"नाही. मला कामं होती."

"अगं, शेवटी खडू झटकला मी, बघितलंस का ते?"

"आधी झटकायला गेलास त्याचे पाच गुण गेले, ते बघितलं."

"म्हणजे बघितलंस."

"टीव्ही चालू होता," बाई म्हणाल्या.

तो हसला. मग हसणं संपलं. "खरं सांगू? बॅग भरून ठेवली होती मी. हरलो असतो तर तिथूनच स्टेशन गाठणार होतो. हॉटेलच्या खोलीत अजून तशीच आहे." चालण्याचा आवाज थांबला नव्हता. "तू काही तयारी तर नव्हती ना केलीस?"

"कसली तयारी? तुझ्या खोलीत खोकी आहेत."

"हो, मग ठीक." लिफ्टची घंटा वाजली. कुणीतरी त्याला हाक मारली, पुढच्या मॅचच्या वेळेचं काहीतरी. "आलो, आलो. आई, ठेवतो हं, गोळ्या घे वेळेवर."

रोजच्यासारखं असतं तर बाईंनी त्याच्या आधी फोन ठेवला असता.

"ठेवायचा नाही," त्या म्हणाल्या. "आणि त्या लिफ्टमध्ये पाय टाकायचा नाही. हाक मारणाऱ्याला सांग, आईशी बोलतोय म्हणून. ऐक आता. त्या गुलाबीला तू जे केलंस ते चांगलं केलंस, आणि घरी यायचं म्हणून मुद्दाम हरला असतास तर मी दार उघडलं नसतं, हेही ऐकून ठेव. खेळ तू हवी तितकी वर्षं. पण फोन करायची तुला अक्कल नाही. कधीच नव्हती. तू चालता चालता विचारतोस जेवलीस का, म्हणून मीही इतकी वर्षं जेवले म्हणून सांगत आले. तिथे कुठे खुर्ची असेल ती घे आणि बूड टेकव. मी जेवलेले नाही. बसलास की विचार, का ते."